आजारपणाच्या पाच तिजोऱ्या : विठ्ठलवाडी परिसराची कहाणी

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याण सुटले की पहिले स्थानक लागते ते विठ्ठलवाडी. एका अंगाला कल्याण पूर्वेची दाट वस्ती, दुसऱ्या अंगाला उल्हासनगरचे कॅम्प, जवळच एसटीचे आगार आणि अंबरनाथकडून वाहत येणारी वालधुनी. बहुतेक प्रवाशांच्या लेखी हे एक मिनिटभर थांबायचे ठिकाण. पण या स्थानकाभोवती काही किलोमीटरांच्या टापूत एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. आजारी माणसाच्या उपचारांचा पैसा कुठून यावा, या प्रश्नाची जगाने गेल्या दीडशे वर्षांत शोधलेली जवळजवळ सगळी उत्तरे इथे शेजारीशेजारी नांदताना दिसतात.

उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय राज्य सरकारचे. तिथला खर्च साऱ्या महाराष्ट्राच्या करांतून होतो. त्याच गावातले राज्य कामगार विमा रुग्णालय, ज्याला सगळे ‘ईएसआय’ म्हणतात, ते कामगार आणि मालक यांच्या वर्गणीवर उभे आहे. कल्याणमधले रुक्मिणीबाई रुग्णालय महापालिकेचे, म्हणजे कल्याण-डोंबिवलीकरांच्या स्थानिक करांचे. कल्याणचेच रेल्वे रुग्णालय रेल्वेच्या नोकरदारांचे आणि त्यांच्या कुटुंबीयांचे. तिथे मालकच आपल्या माणसांच्या दवापाण्याची जबाबदारी घेतो. आणि या चारही इमारतींच्या मधल्या प्रत्येक रस्त्यावर, मेडिकल स्टोअरच्या वर, बँकेच्या शेजारी, सोसायटीच्या तळमजल्यावर खासगी दवाखाने आणि नर्सिंग होम. तिथली तिजोरी म्हणजे रुग्णाचा स्वतःचा खिसा.

ब्रिटनमध्ये राहणारा मराठी माणूस पहिल्या प्रकाराने जगतो, जर्मनीतला दुसऱ्या, आणि अमेरिकेतला बराचसा विमा कंपनीच्या कागदांवर व उरलेला शेवटच्या प्रकाराने. विठ्ठलवाडीच्या एकाच चाळीत मात्र एका घराचा आजार ईएसआयमध्ये बरा होतो, शेजारच्या घराचा रेल्वेत आणि पलीकडच्या घराचा सोन्याची चेन गहाण ठेवून. रोग तोच, औषध तेच. फरक एवढाच की पैसे कधी भरले आणि कोणाबरोबर भरले. सार्वजनिक आणि खासगी वैद्यकाच्या वादात हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे, असे मला वाटते. सरकारी डॉक्टर चांगला की खासगी, हा प्रश्न त्यामानाने दुय्यम आहे; कित्येकदा दोन्हीकडे काम करणारे डॉक्टर एकाच महाविद्यालयातून बाहेर पडलेले असतात.

यातल्या दोन तिजोऱ्यांचा आराखडा दोन मराठी नावांशी जोडलेला आहे, आणि ती नावे आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

पहिले नाव प्रा. बी. पी. आडारकर. दुसरे महायुद्ध चालू होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९४२ पासून मजूर सदस्य होते. मार्च १९४३ मध्ये सरकारने औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम आडारकरांवर सोपवले आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. भारतात सामाजिक विम्याचा हा पहिला गंभीर आराखडा. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या तज्ज्ञांनी तो तपासला, त्यात भर घातली आणि एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. ब्रिटनची जगप्रसिद्ध राष्ट्रीय आरोग्य सेवा प्रत्यक्ष सुरू झाली ती ५ जुलै १९४८ रोजी. तिचा कायदा आधीचा, १९४६चा. पण नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, फाळणीच्या जखमा ताज्या असलेल्या देशाने त्याच वर्षी कामगारांच्या आजारपणाचा विचार कायद्यात उतरवावा, ही साधी गोष्ट नव्हे. योजना प्रत्यक्षात आली २४ फेब्रुवारी १९५२ रोजी, कानपूर आणि दिल्लीत. मुंबईत ती १९५४ मध्ये पोहोचली.

उल्हासनगर स्वतः फाळणीचे अपत्य. युद्धकाळात इथे लष्कराची छावणी होती. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. आजही पत्ते सांगताना लोक कॅम्प एक, कॅम्प तीन असेच सांगतात. आजूबाजूला शहाडची सेंच्युरी रेयॉन, मोहन्याची एनआरसी, अंबरनाथ आणि डोंबिवलीचे कारखाने उभे राहिले. अशा पट्ट्यात कामगार विम्याचे रुग्णालय येणे अगदी स्वाभाविक होते.

ही योजना चालते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेत, महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला प्रत्येक कामगार तिच्यात येतो. १ जुलै २०१९ पासून कामगाराची वर्गणी वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाची ३.२५ टक्के आहे. म्हणजे २०,००० रुपये पगार असेल तर कामगाराचे १५० आणि मालकाचे ६५० रुपये. या ८०० रुपयांत त्या कामगाराचा आणि त्याच्या कुटुंबाचा उपचार होतो, आणि त्या उपचारावर रकमेची कमाल मर्यादा नसते. आणखी एक गोष्ट आहे, जी महागड्या मेडिक्लेममध्येही सहसा मिळत नाही. आजारपणात कामावर जाता आले नाही तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम हातात मिळते. हातावर पोट असलेल्या घरात आजार दोन बाजूंनी मारतो, एकीकडे खर्च वाढतो आणि दुसरीकडे कमाई थांबते. आडारकरांच्या योजनेने दोन्ही बाजू पाहिल्या.

जर्मनीत चॅन्सलर बिस्मार्क यांनी १८८३ मध्ये कामगारांचा आजारपण विमा सुरू केला, तेव्हा वर्गणीचा दोन-तृतीयांश वाटा कामगाराचा आणि एक-तृतीयांश मालकाचा होता. आपल्याकडे मोठा वाटा मालकाचा ठेवला गेला. कमी वेतनाच्या देशात हे शहाणपणाचे होते.

पण या योजनेच्या भिंतीला ठळक कडा आहेत. पगार २१,००० च्या वर गेला की माणूस योजनेच्या बाहेर, आणि त्या पगारात कुटुंबासाठी चांगला खासगी विमा घेणे त्याला झेपत नाही. कारखान्यात नऊच माणसे असतील तर कायदा सक्तीने लागू होत नाही, आणि उल्हासनगरात जीन्स शिवणारी, फर्निचर करणारी, लहानसहान वस्तू बनवणारी कितीतरी युनिटे तेवढीच असतात. कारखाना बंद पडला तर वर्गणी बंद, आणि काही काळाने हक्कही संपतो. एनआरसीसारखा मोठा कारखाना २००९ मध्ये बंद पडला तेव्हा हजारो घरांचा पगार थांबला. नोकरीशी बांधलेल्या वैद्यकाची ही जगभरची दुखरी जागा आहे. नोकरी जाते त्या महिन्यात आजार यायचा थांबत नाही. उलट तो यायची शक्यता वाढते.

दुसरे नाव सर जोसेफ भोर. जन्म १८७८, नाशिक. पुण्याच्या बिशप्स हायस्कूलमध्ये आणि डेक्कन कॉलेजात शिकलेला हा सनदी अधिकारी. ऑक्टोबर १९४३ मध्ये सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य पाहणी आणि विकास समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ मध्ये आला. त्याचे सूत्र थोडक्यात असे, की पैसे देता येत नाहीत म्हणून कोणालाही योग्य उपचार नाकारले जाऊ नयेत. आडारकरांच्या विम्यात वर्गणी भरणाऱ्याचा हक्क होता. भोर समितीच्या कल्पनेत फक्त माणूस असणे पुरेसे होते.

समितीने तीन पायऱ्यांची रचना सुचवली. खाली दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचे प्राथमिक केंद्र, वर ६५० खाटांचे दुय्यम रुग्णालय, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी २,५०० खाटांचे मोठे रुग्णालय. खालच्या पायरीवर बहुतेक आजार बरे व्हावेत, अवघड तेवढे वर जावेत, असा तो विचार. पैसा अपुरा होता म्हणून अल्पकालीन योजनेत चाळीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असे ठरले, आणि स्वातंत्र्यानंतरची केंद्रे त्यातूनच निघाली. दीर्घकालीन स्वप्न कागदावरच राहिले. ठाणे जिल्ह्याच्या नकाशावर ही तुटलेली शिडी आजही स्पष्ट दिसते.

कल्याण पूर्वेतल्या एखाद्याला रात्री छातीत कळ आली तर काय होते? खिशात पैसे असतील तर जवळचे खासगी रुग्णालय. नसतील तर रुक्मिणीबाई किंवा मध्यवर्ती. तिथे सोय नसेल तर कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ठाणे महापालिकेचे. तिथे जागा नसेल तर सायन, नाहीतर केईएम, नाहीतर जे. जे. रुग्णवाहिका पश्चिमेकडे धावत राहते आणि दर मुक्कामावर नवा केसपेपर निघतो. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. लाखोंच्या या शहराने चार दशकांत आपले असे वैद्यकीय महाविद्यालयाच्या तोडीचे सार्वजनिक रुग्णालय उभे केले नाही, आणि त्याचा भार दुसऱ्या शहरांच्या करदात्यांवर आणि रुग्णाच्या नातेवाइकांवर पडत राहिला. २०२४ मध्ये अंबरनाथला शंभर जागांच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला मंजुरी मिळाली, ही या पट्ट्यासाठी मोठीच बातमी होती. मंजुरी आणि चालते रुग्णालय यांत बराच काळ जातो, हेही इथले लोक जाणतात.

या शिडीवर ताण आला की काय होते ते ऑगस्ट २०२३ मध्ये साऱ्या राज्याने पाहिले. कळव्याच्या त्या रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. ठाण्याच्या विठ्ठल सायन्ना जिल्हा सामान्य रुग्णालयाची जुनी इमारत नव्या बांधकामासाठी रिकामी झाली होती आणि तिथला बराच ओघ कळव्याकडे वळला होता. आणखी एक तपशील तेव्हा समोर आला, ज्याची पुरेशी चर्चा झाली नाही. काही रुग्ण खासगी रुग्णालयांतून अगदी शेवटच्या अवस्थेत तिथे आणले गेले होते. खासगी उपचारांतला हा ठरलेला प्रवास आहे. जमवलेले पैसे संपेपर्यंत तिथे, आणि संपले की सरकारीत. मृत्यू मात्र नोंदला जातो तो सरकारी वहीत. दोन व्यवस्थांची तुलना करताना कोणाकडे किती दगावले एवढेच मोजले, तर हिशेब सुरुवातीपासूनच चुकतो.

सरकारी रुग्णालयाची खरी गरज कळते ती पैसे विचारायलाही वेळ नसतो तेव्हा. नोव्हेंबर २०१४च्या अखेरीस उल्हासनगरच्या वडोलगाव भागात वालधुनीला मिळणाऱ्या नाल्यात घातक रसायन सोडले गेले आणि पहाटे झोपेतच शेकडो लोकांना श्वास घेता येईना. डोळ्यांची जळजळ, उलट्या, गुदमर. त्यांतले बरेच जण मध्यवर्ती रुग्णालयात धावले. अशा पहाटे दारात डिपॉझिट मागणारी व्यवस्था असती तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी. नदीत विष कोणी ओतले हे ज्यांना ठाऊकही नव्हते, त्यांनी त्याचे बिल भरायचे? संकट सामूहिक असेल तर त्याची तिजोरीही सामूहिकच असावी लागते.

तातडीचा उपचार ही राज्याची जबाबदारी आहे हे न्यायालयानेही मान्य केले आहे, आणि त्या खटल्याची सुरुवात एका रेल्वेगाडीशी जोडलेली आहे. ८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये मथुरापूर स्थानकावर एक शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला गंभीर मार लागला. त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांत नेले. कुठे खाट नव्हती, कुठे सोय नव्हती. शेवटी तो एका खासगी रुग्णालयात पैसे भरून बरा झाला. मे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या घटनादत्त हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. राज्याने त्याला २५,००० रुपये भरपाई द्यावी, असेही ठरले. कल्याण-कर्जत मार्गावर रोज दाराला लटकून जाणाऱ्यांसाठी हा निकाल फार जवळचा आहे. त्याआधी १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगी डॉक्टरांनाही बजावले होते, की अपघातग्रस्ताला आधी वाचवा, कागदपत्रे नंतर.

आता रोखीच्या काउंटरकडे वळू. इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. ठाणे जिल्ह्याचा बहुतांश आजार रोजच्या रोज बरा करतात ते गल्लीतले खासगी डॉक्टर. संध्याकाळी कामावरून परतल्यावर उघडा असलेला दवाखाना, नावाने ओळखणारा फॅमिली डॉक्टर, शंभर-दोनशे रुपयांत तपासणी आणि तीन दिवसांच्या गोळ्या. ओपीडीच्या वेळेत रांग लावायची तर मजुराची दिवसाची मजुरी बुडते, म्हणून मोफत दवाखानाही त्याला महाग पडतो. खासगी वैद्यकाने हे ओळखले आणि तिथे आपली जागा मिळवली. २०१७ पासून मध्य रेल्वेच्या काही स्थानकांवर एक रुपयात तपासणारी क्लिनिके उघडली, त्यामागेही लोकांच्या वेळेचे हेच भान होते.

अडचण सुरू होते ती दाखल व्हायची वेळ आली की. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, शहरी भागात रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी ठिकाणी ४,८३७ रुपये आणि खासगीत ३८,८२२ रुपये आढळला. आठपट. सरकारी आकडाही शून्य नाही, हे इथे ध्यानात घ्यावे. बाहेरून आणायची औषधे, तपासण्या हे सारे त्यात येते. प्रसूतीच्या शस्त्रक्रियांचे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशभरात सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. दोन्हीकडच्या बायकांची शरीरे इतकी वेगळी नसतात. काही अवघड रुग्ण खासगीकडे मुद्दाम जातात, काही बायका स्वतः मागणी करतात, हे मान्य. तरीही एवढ्या फरकाचे समाधानकारक स्पष्टीकरण पैशाशिवाय देता येत नाही.

अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये यावर एक निबंध लिहिला, जो आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्यांचे म्हणणे असे की आजार केव्हा येईल हे कोणाला कळत नाही, आणि आला की काय करावे हे रुग्णापेक्षा डॉक्टरला अधिक कळते. विकणाराच गरज ठरवतो आणि घेणारा घाबरलेला असतो. अशा ठिकाणी घासाघीस करून योग्य भाव ठरत नाही. स्ट्रेचरवरच्या माणसाला तीन रुग्णालयांचे दर विचारून यायला कोण सांगणार?

पैसे मोजावे लागले तर लोक विनाकारण डॉक्टरकडे जाणार नाहीत, असाही एक युक्तिवाद असतो, आणि तो वरवर पटण्याजोगा आहे. अमेरिकेत रँड संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात तो प्रत्यक्ष तपासला. २,७५० कुटुंबांना वेगवेगळ्या विमा योजनांत विभागले. काहींना सारे मोफत, काहींना बराच वाटा स्वतःचा. पैसे मोजणारे खरोखरच कमी वेळा डॉक्टरकडे गेले. पण त्यांनी अनावश्यक उपचार जेवढे टाळले तेवढेच आवश्यकही टाळले, कारण कोणते कोणते हे त्यांना कळायचे कसे? गरीब आणि आधीच आजारी असलेल्यांत, मोफत उपचार मिळालेल्यांचा रक्तदाब अधिक चांगला आटोक्यात राहिला. रक्तदाबाची गोळी महिन्याच्या शेवटी बंद करणारी माणसे आपल्याकडे घरोघर आहेत. काही वर्षांनी येणारा पक्षाघात त्या वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट घेऊन जातो.

अमेरिका आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे १७ टक्के हिस्सा आरोग्यावर खर्च करते, जगातल्या कोणत्याही मोठ्या देशापेक्षा जास्त. तरीही तिथे अडीच कोटींहून अधिक लोक विम्याविना आहेत. डोंबिवली-कल्याणची मुले तिथे गेली की दातांचे काम सुट्टीत घरी आल्यावरच करून घेतात, हे आपण पाहतोच. ब्रिटनमध्ये दारात पैसे मागत नाहीत, पण २०२३ मध्ये एकट्या इंग्लंडमध्ये ठरलेल्या उपचारांच्या प्रतीक्षायादीत सत्तर लाखांवर नोंदी होत्या. करांतून चालणारी व्यवस्था उपाशी ठेवली की ती रांगेच्या रूपाने किंमत वसूल करते. थायलंडने २००१-०२ मध्ये, तो देश फारसा श्रीमंत नसताना, तीस बाह्तमध्ये कोणताही उपचार अशी योजना सुरू केली आणि जवळजवळ सारी लोकसंख्या तिच्यात आणली. त्यासाठी त्यांनी आधी अनेक वर्षे जिल्हा रुग्णालये उभारली होती. कार्ड वाटण्याआधी खाटा तयार होत्या.

महाराष्ट्राने मधला रस्ता धरला आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि पुढे दोन्हींची सांगड घातली गेली. जुलै २०२३ च्या निर्णयाने राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आणि १,३५६ उपचार देऊ केले गेले. पैसा सरकारचा, रुग्णालय सरकारी किंवा यादीतले खासगी. बायपास, डायलिसिस, कर्करोग यांसाठी या योजनेने अनेक घरे सावरली आहेत. पण तिचे दार उघडते ते दाखल झाल्यावर. रोजची तपासणी, मधुमेहाच्या गोळ्या, रक्तचाचण्या बाहेरच राहतात, आणि भारतीय माणसाच्या खिशातून सर्वाधिक पैसा जातो तो नेमका तिथे.

ऑगस्ट २०२३ मध्येच राज्याने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतला उपचार पूर्ण मोफत केला, केसपेपरसुद्धा. उल्हासनगरचे मध्यवर्ती त्यात येते. महापालिकेची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती. रेल्वेचे एकच स्थानक ओलांडले की नियम बदलतो, आणि अंगात ताप असलेल्या माणसाने हे लक्षात ठेवावे अशी अपेक्षा असते.

धर्मादाय रुग्णालयांचा हक्कही असाच नकळत पडून राहतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार, अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत टाकावी लागते. चकचकीत नावाच्या कित्येक रुग्णालयांमागे असा न्यास असतो. दाखल होताना हे विचारावे. विचारणाऱ्यालाच ते मिळते. २०२१ मध्ये सुधारलेल्या शुश्रूषागृह नियमांनुसार खासगी नर्सिंग होमनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावायची आहे, आणि बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

कोविडच्या काळात या परिसराने पाचही तिजोऱ्या काही महिन्यांपुरत्या एकत्र उघडल्या. २१ मे २०२० रोजी राज्याने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले. साध्या विलगीकरणासाठी दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागासाठी ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. कल्याण-डोंबिवलीत डॉक्टरांची टंचाई होती, तेव्हा महापालिकेने खासगी डॉक्टरांना साद घातली. ते ‘डॉक्टर आर्मी’ म्हणून महापालिकेच्या कोविड केंद्रांत पाळ्या करू लागले. वस्तीतल्या फॅमिली डॉक्टरांनी संशयित रुग्ण लवकर हेरून कळवायचे काम घेतले. २०२१ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी स्पर्धेत कोविड नावीन्याचा पुरस्कार वाराणसीबरोबर कल्याण-डोंबिवलीला मिळाला. साथ ओसरल्यावर मात्र त्या पाळ्या थांबल्या आणि भिंती पूर्ववत झाल्या.

देशाच्या हिशेबात चित्र हळूहळू बदलते आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्य खर्चातला ६४.२ टक्के वाटा लोकांच्या खिशातून थेट जात होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्के झाला. त्याच काळात सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला, त्यातली शेवटची वर्षे कोविडची. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते.

आडारकरांच्या योजनेची कडा मात्र आता थोडी सरकली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. दहापेक्षा कमी माणसे असलेली आस्थापनाही आता मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर स्वेच्छेने ईएसआयमध्ये येऊ शकते; धोकादायक काम असेल तर सरकार एका कामगारालाही योजना लागू करू शकते. उल्हासनगरच्या सहा शिलाई मशिनांच्या खोलीत प्रत्येकी १५,००० रुपये पगार असेल, तर मालकाला माणशी महिना ४८७ रुपये ५० पैसे आणि कारागिराला ११२ रुपये ५० पैसे भरावे लागतील. अर्ज मात्र त्या खोलीतूनच जायला हवा.